मेट्रो कात्रजपर्यंत, प्लॉटिंग भोरपर्यंत. मधल्या माणसाची गाडी कुठाय?

पुण्यात मेट्रो स्थानकांभोवती उंच इमारतींना परवानगी द्यावी की नाही, या वादाचा साठ किलोमीटरवरच्या आंबवड्याशी काय संबंध? आम्ही समजून घेतलं.

गेल्या महिन्यात मामाच्या गावी, आंबवड्याला गेले होते. भोरहून मांढरदेवीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव. नागेश्वराचं मंदिर, शंकराजी नारायण सचिवांची समाधी आणि भोर संस्थानच्या काळातला झुलता पूल यामुळे रविवारी पुण्या-मुंबईच्या गाड्यांची इथं रांग लागते. सोमवारी सकाळी मात्र रांग उलट्या दिशेची असते. फाट्यावर कॉलेजची पोरं, दवाखान्यात निघालेली म्हातारी माणसं, शिरवळच्या कंपनीत पहिल्या पाळीला जाणारे, असे सगळे एसटीची वाट बघत उभे असतात. ज्यांना वाट बघणं परवडत नाही ते केव्हाच दुचाकीवरून पुढे गेलेले असतात.

मामाने चहा पिता पिता विचारलं, "काय गं, पेपरात रोज मेट्रो मेट्रो करतीस. आमची सकाळची गाडी वेळेवर यावी एवढं कधी लिहिशील?"

मी डिजिटल डेस्कवर काम करते. मेट्रोची बातमी आली की नकाशा, स्थानकांची नावं, तिकिटाचे दर असं सगळं दहा मिनिटांत टाकायचं, हे माझंच काम. त्यामुळे टोला बरोबर बसला. पण परत येताना कापूरहोळच्या पुढे महामार्गाच्या दोन्ही बाजूंचे प्लॉटिंगचे फलक मोजायला लागले आणि वाटलं, मामाचा प्रश्न आणि पुण्यातला एफएसआयचा वाद हे दोन वेगळे विषय नाहीत.

आधी वाद काय आहे ते पाहू

एफएसआय म्हणजे चटई क्षेत्र निर्देशांक. हजार चौरस फुटांच्या जागेवर १.१ एफएसआय असेल तर सगळे मजले मिळून अकराशे चौरस फूट बांधता येतं. ४ असेल तर चार हजार. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई आणि काही अपवाद वगळता राज्यभरासाठी एकच बांधकाम नियमावली लागू झाली. पुण्यात मेट्रो स्थानकाच्या पाचशे मीटरच्या परिघात, रस्त्याची रुंदी आणि भूखंडाचा आकार पाहून, शुल्क भरून ४ पर्यंत एफएसआय मिळू शकतो. याला टीओडी म्हणतात. साध्या शब्दांत, जिथे गाडी आहे तिथे घरं वाढवा.

कल्पना नवी नाही. ब्राझीलच्या कुरितिबा शहराने १९७० च्या दशकात उंच इमारती फक्त मोठ्या बसमार्गांच्या कडेने उभ्या केल्या आणि बाकीचं शहर बुटकं ठेवलं. आपल्याकडे मुंबई तर नियोजन न करताच लोकलच्या रुळांभोवती वाढली. पुण्याच्या बाबतीतही लोणावळा लोकलच्या बाजूला, पिंपरी-चिंचवडकडे, दाट वस्ती रेल्वेच्या आधाराने झाली. दक्षिणेला असा आधारच नव्हता. पुणे-मिरज रेल्वे जेजुरी, नीरा, लोणंद करत साताऱ्याकडे जाते. भोरला तिने कधी तोंड दाखवलं नाही. त्यामुळे कात्रजच्या पलीकडे जे काही वाढलं ते रस्त्याच्या भरवशावर.

आणि त्या रस्त्याची अवस्था? टॉमटॉमच्या २०२४ च्या जागतिक वाहतूक निर्देशांकात पुणे चौथ्या क्रमांकावर होतं. दहा किलोमीटरला सरासरी ३३ मिनिटं २२ सेकंद. भोरहून येणारा माणूस शेवटचे दहा किलोमीटर याच शहरात काढतो.

विरोध करणाऱ्यांचं म्हणणं चूक आहे का?

अजिबात नाही, आणि ते नीट ऐकलं पाहिजे. पौड रस्ता, कोथरूड, डेक्कन भागातल्या जुन्या सोसायट्यांमधले रहिवासी विचारतात: चार मजल्यांच्या जागी वीस मजले आले, तर पाणी कुठून येणार? मैलापाण्याची वाहिनी तीच, गल्ली तीच, आणि नव्या इमारतीत प्रत्येक फ्लॅटला दोन गाड्यांची जागा. मग मेट्रोशेजारी राहणारे मेट्रोत बसणार की खालच्या पार्किंगमधून गाडी काढणार?

शेवटचा प्रश्न मला सगळ्यात खरा वाटतो. स्थानकापासून पाचशे मीटर म्हणजे सहा-सात मिनिटांची चाल. तिथे जादा एफएसआय घेऊन मोठमोठे महागडे फ्लॅट बांधायचे आणि तळाशी तीन मजले पार्किंग द्यायचं, तर सरकारने मेट्रोवर खर्च केला कशाला? ज्या नर्सला, डिलिव्हरीवाल्याला, दुकानातल्या मुलीला मेट्रोची खरी गरज आहे, तिला त्या इमारतीत घर मिळत नाही. ती धायरीत, आंबेगावात, मांजरीत राहते आणि दोन बस बदलून येते.

पण विरोधाचा शेवट 'म्हणून इथे काहीच नको' असा होतो, तेव्हा माझी गाडी अडते. इथे नको म्हटलं की माणसं येणं थांबत नाही. ती फक्त पुढे ढकलली जातात. पुण्याचा गेल्या साठ वर्षांचा इतिहास हेच सांगतो. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि नदीकाठच्या पेठांमधली माणसं पर्वती, सहकारनगर, लोकमान्यनगर, गोखलेनगरकडे गेली. तेव्हा ते गावाबाहेर होतं. १९९७ मध्ये ३८ गावं महापालिकेत घेतली, त्यातली काही नंतर वगळली. २०१७ मध्ये ११, २०२१ मध्ये आणखी २३. भिलारेवाडी, जांभूळवाडी-कोळेवाडी आत आल्यावर शहराची हद्द कात्रजच्या घाटाला टेकली आहे. प्रत्येक वेळी क्रम तोच: आधी इमारती, मग माणसं, मग हद्द, आणि सगळ्यात शेवटी पाणी, मैलावाहिनी, बस.

या क्रमाची किंमत काय, हे जानेवारी २०२५ मध्ये दिसलं. सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी या पट्ट्यात गियान-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकामागून एक सापडले आणि तपासाची सुई दूषित पाण्याकडे गेली. यातली गावं महापालिकेत येऊन काही वर्षं झाली होती. कर सुरू झाले होते, शुद्ध पाण्याची व्यवस्था मागे राहिली होती. तेव्हा 'दाटीमुळे पाण्यावर ताण येतो' हे खरंच. पण विखुरलेल्या वाढीमुळे जलवाहिनी पोहोचतच नाही, हेही तेवढंच खरं. कोथरूडच्या मधल्या एका गल्लीची वाहिनी मोठी करणं आणि वीस किलोमीटरवरच्या पन्नास वस्त्यांना नवी वाहिनी टाकणं, यातलं स्वस्त काय हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

मग माणसं कुठे ढकलली जातात? थोडं गणित

इंजिनिअरिंग केलंय तर थोडं गणित करू. आकडे ढोबळ आहेत, गृहीतं माझी आहेत, पण त्यातून एक गोष्ट निघाली जी मला आधी माहीत नव्हती.

मेट्रो स्थानकाभोवती पाचशे मीटरचं वर्तुळ काढलं तर क्षेत्र होतं साधारण ७८ हेक्टर, म्हणजे १९४ एकर. रस्ते, शाळा, बागा वगळून निम्मी जागा इमारतींना धरू. ४ सोडा, सरासरी २ एफएसआय वापरला आणि घरामागे ८० चौरस मीटर बांधकाम धरलं, तरी साडेनऊ हजारांच्या वर घरं बसतात. घरामागे चार माणसं म्हटली तर अडतीस-एकोणचाळीस हजार लोक सहा-सात मिनिटांत स्थानक गाठू शकतात.

आता तेवढंच वर्तुळ प्लॉटिंगचं घेऊ. एकराचे ४० गुंठे. रस्ते आणि मोकळी जागा सोडून ३० गुंठे उरले, दोन-दोन गुंठ्यांचे १५ प्लॉट. १९४ एकरांत २,९१० प्लॉट, सगळ्यांवर घरं झाली तर साडेअकरा हजारांवर माणसं. मला वाटलं होतं हा आकडा अगदीच किरकोळ निघेल. पण २०११ च्या जनगणनेत पुणे महापालिकेत सुमारे २५० चौरस किलोमीटरमध्ये ३१ लाख २४ हजार लोक राहत होते. त्या सरासरीने याच वर्तुळात निघतात ९,८०० च्या आसपास. म्हणजे पूर्ण वसलेलं प्लॉटिंग शहराच्या सरासरीइतकं दाट असू शकतं!

तेव्हा दोष दोन गुंठ्यांच्या बैठ्या घराचा नाही. दोष दोन गोष्टींचा आहे. एक, ही घरं सलग नसतात. महामार्गाला पाच एकरांचा एक तुकडा, मग दोन किलोमीटर शेती, मग डोंगराच्या पोटाशी तीन एकरांचा दुसरा. दोन, ती वसलेली नसतात. मुंबईच्या कुणीतरी गुंतवणूक म्हणून घेतलेला प्लॉट, त्यावर तारेचं कुंपण, एक फाटक, नावाची पाटी आणि गुडघाभर गवत. पाच एकरांचे ७५ प्लॉट असतील आणि त्यातल्या पाचव्या हिश्शावर घर असेल, तर कुटुंबं पंधरा, माणसं साठ. त्यातली पंधरा जणं रोज कामाला जाणारी, निम्मी दुचाकीवर. उरले सात. सात प्रवाशांसाठी गाडी आत वळवा, असं कोणत्या आगारप्रमुखाला सांगणार?

फलकांवर मात्र 'पुण्यापासून फक्त ६० मिनिटांवर' असतं. कुठल्या पुण्यापासून आणि दिवसातल्या कुठल्या वेळी, ते लिहिलेलं नसतं. पहाटे तीन वाजता नवले पुलापासून मोजलं तर बरोबर असावं.

नियम नाहीत का? आहेत, भरपूर आहेत. शेतजमिनीचे तुकडे पाडू नयेत म्हणून १९४७ चा तुकडेबंदी कायदा आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये प्रमाणभूत क्षेत्र बागायतीला १० गुंठे आणि जिरायतीला २० गुंठे असं खाली आणलं. त्यावर उपाय निघाला: पाच जणांनी मिळून अकरा गुंठे घ्यायचे आणि सामाईक सातबाऱ्यावर पाच नावं लावायची. कागदावर एक जमीन, जागेवर पाच कुंपणं. अशा जागेवर कर्ज काढायला गेलं की मग कळतं. शिवाय जे झालं ते नियमित करून द्यायला २००१ चा गुंठेवारीचा कायदा होताच. पुढेही सवलती येत राहिल्या. आधी बांधा, मग नियमित करा, हा संदेश लोकांनी अचूक वाचला.

विकणाऱ्या शेतकऱ्याला मी दोष देणार नाही. भातशेतीत काय उरतं हे मामाच्या वहीत मी पाहिलंय. मुलीचं लग्न, पोराचं शिक्षण, दवाखाना, यातलं काहीही आलं की रस्त्याकडचा तुकडा जातो. पैसे दोन वर्षांत संपतात आणि त्याच जमिनीवरच्या बंगल्याची राखण करायला घरातलाच कुणीतरी महिन्याच्या पगारावर जातो. हे आंबवड्यात अजून फार नाही. पण कापूरहोळकडून ते वर सरकताना दिसतंय. वेल्ह्याचं, म्हणजे आताच्या राजगड तालुक्याचं, चित्र तर याहून विचित्र. पुण्याला पाणी देणारी पानशेत आणि वरसगाव ही दोन्ही धरणं त्याच तालुक्यात. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ५४ हजारांच्या आसपास. धरणाच्या कडेला शनिवार-रविवारची घरं वाढतायत आणि गावातली तरणी माणसं धायरी-नऱ्ह्याला खोली शोधतायत.

बस कुणाची, हा प्रश्न कुणाचाच नाही

आंबवड्याचा मुलगा पुण्यात नोकरीला लागला की त्याच्यापुढे दोनच रस्ते उरतात. धनकवडी-कात्रजला कॉट बेसिसवर राहायचं, म्हणजे एका खोलीत चार-पाच खाटा आणि एका खाटेचं भाडं. नाहीतर रोज जाऊन-येऊन करायचं.

जाऊन-येऊनचं गणित असं. जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीनंतर साध्या एसटीचा सहा किलोमीटरचा टप्पा साधारण दहा रुपयांना पडतो. आंबवडे ते स्वारगेट साठ-पासष्ट किलोमीटर, म्हणजे एका बाजूला ११० रुपयांच्या आसपास, जाऊन-येऊन २२०. दुचाकीने १३० किलोमीटर, ४५ चं ॲव्हरेज धरलं तर तीन लिटरच्या आत पेट्रोल, ३०० रुपये. एकट्याला एसटी स्वस्त. पण दोघं एका गाडीवर बसले की माणशी दीडशे, आणि गाडी आपल्या वेळेवर. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे तिला ११० रुपयांत दोन्ही वेळचा प्रवास होतो. फाट्यावर एसटीची वाट बघणाऱ्यांत बायका जास्त आणि दुचाकीवर पुरुष जास्त का दिसतात, याचं एक कारण या तीन आकड्यांत आहे.

(महिन्याचा पास काढला तर वीस दिवसांच्या भाड्यात तीस दिवस जाता येतं. गाडी वेळेवर येत असेल तर हा चांगला सौदा आहे. 'येत असेल तर'वर सगळं अडतं.)

स्वारगेटला उतरलं की दुसरं राज्य सुरू होतं. तिथून पुढे पीएमपी. तिथे ते अर्धं तिकीट चालत नाही. जून २०२५ मध्ये पीएमपीचे दर वाढले, मासिक पास ९०० वरून १,५०० रुपये झाला. मेट्रोचं तिकीट आणखी वेगळं. एका माणसाचा एक प्रवास, तीन तिकिटं, तीन संस्था.

गोम इथंच आहे. पीएमपीची संचलन तूट प्रामुख्याने पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महापालिका ६०:४० अशी भरतात. हद्दीबाहेर बस पाठवली तर तूट वाढते आणि मतदार दुसऱ्यांचा. एसटी राज्याची, तिच्या लेखी भोर-स्वारगेट हा हजारो मार्गांपैकी एक, आणि लांब पल्ल्याच्या गाडीत पैसे जास्त. एसटीच्या २०२१-२२ च्या दीर्घ संपात पीएमपीने ग्रामीण भागात गाड्या सोडल्या होत्या. संप मिटला, एसटी रुळावर आली आणि त्यातले कित्येक मार्ग नंतर बंद झाले. दोन सरकारी गाड्या एकाच रस्त्यावर नकोत, हा हिशेब बरोबर असेलही. पण त्या गाडीवर ज्याने नोकरी धरली होती त्याला कुणी विचारलं नाही. पुण्यासाठी एकत्रित वाहतूक प्राधिकरण, 'पुमटा', कागदावर आहे. नेमका हाच शिवेवरचा प्रवासी त्याचा पहिला विषय असायला हवा होता.

यात सुरक्षेची बाजूही आहे आणि ती पुरवणी म्हणून शेवटी टाकण्यासारखी नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये पहाटेच्या वेळी स्वारगेट स्थानकात उभ्या असलेल्या बसमध्ये तरुणीवर अत्याचार झाला. त्यानंतर माझ्या मामेबहिणीने पहिली गाडी सोडली. आता ती दुसऱ्या गाडीने जाते आणि कामावर उशिरा पोहोचल्याची खाडे-वजावट सोसते. कोणत्याही वाहतूक आराखड्यात हा खर्च दिसत नाही. दुचाकीवाल्यांचं वेगळंच. त्यांना रोज नवले पूल ओलांडावा लागतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एका ट्रकने पन्नासच्या आसपास वाहनं चेपली होती, आणि अपघात त्यानंतरही थांबलेले नाहीत.

मेट्रो कात्रजला आली की सुटेल?

थोडं सुटेल. स्वारगेट-कात्रज या ५.४६ किलोमीटरच्या भुयारी मार्गाला ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. खर्च २,९५४ कोटी रुपये, उद्दिष्ट २०२९ चं. मार्केट यार्ड, बिबवेवाडी, पद्मावती, बालाजीनगर, कात्रज अशी स्थानकं. भोरची गाडी कात्रजला रिकामी झाली आणि तिथून प्रवासी मेट्रोने पिंपरीपर्यंत गेला, तर स्वारगेटपर्यंतचा सकाळचा पाऊण तास वाचेल. तीच एसटी परत फिरून आणखी एक फेरी मारू शकेल. मला या मार्गाचं सगळ्यात मोठं आकर्षण हेच वाटतं, पण त्यासाठी कात्रजला एसटी आणि मेट्रो यांच्यात दोन मिनिटांचं अंतर हवं, छप्पर हवं, एक तिकीट हवं. ते आत्ता, खोदाई सुरू असताना ठरवावं लागतं, उद्घाटनानंतर नाही.

आमच्या शहराचा अनुभव फारसा धीर देणारा नाही. देशातली पहिली बीआरटी डिसेंबर २००६ मध्ये याच कात्रज-स्वारगेट रस्त्यावर सुरू झाली होती. बससाठी वेगळी मार्गिका आखली, पण तिच्या कडेने काय बांधायचं, थांब्यापर्यंत चालत कसं जायचं, हे त्या प्रमाणात आखलं नाही. पुढे मार्गिका कधी खोदलेली, कधी दुचाकींनी भरलेली. नगर रस्त्यावरची तर उखडूनच टाकली. नोकरीच्या पहिल्या वर्षी मीही त्या कात्रजच्या मार्गिकेतून दुचाकी घातली आहे. सगळे घालत होते.

दुसरीकडे रिंगरोड येतोय. पूर्व आणि पश्चिम, दोन्ही भाग भोर तालुक्यातच, केळवडे-वरवे परिसरात सातारा रस्त्याला मिळणार आहेत. ११० मीटर रुंदीचा रस्ता. शहरातली अवजड वाहतूक बाहेर जाईल हे चांगलंच. पण रस्त्याची आखणी जाहीर झाली की लगेच फलक लागतात, आणि या पट्ट्यात काय कुठे व्हावं हे सांगणारा आराखडा आज नाही. पीएमआरडीएने २०२१ मध्ये प्रारूप विकास आराखडा आणला, त्यावर हजारोंनी हरकती आल्या, प्रकरण न्यायालयात गेलं आणि २०२५ मध्ये सरकारने तो आराखडाच रद्द केला. त्यात दोष होते, रद्द होणं कदाचित योग्यही असेल. पण आराखडा थांबला म्हणून प्लॉटिंग थांबलेलं नाही.

आमचं मत

पुण्यात मेट्रोच्या स्थानकांभोवती घरं वाढली पाहिजेत. दाट, आणि लहान. चार एफएसआयचा लाभ हवा असेल तर ठरावीक वाटा छोट्या घरांचा असावा आणि पार्किंगला कमाल मर्यादा असावी. जादा एफएसआयचं जे शुल्क जमा होतं त्यातला हिस्सा त्याच भागाच्या जलवाहिनीला आणि मैलावाहिनीला जावा. नाहीतर पौड रस्त्यावरच्या रहिवाशांचा विरोध रास्तच ठरेल. आणखी एक हिस्सा मात्र हद्दीबाहेरच्या बसला जावा. ऐकायला विचित्र वाटेल. पण भोर-कात्रज बसमधले पन्नास जण म्हणजे नवले पुलावर न आलेल्या तीस-चाळीस दुचाक्या आहेत. त्याचा फायदा कोथरूडलाही होतो.

शिवाय सगळ्यांना पुण्यालाच आणायची गरज काय? भोर ही जुनी राजधानी आहे. बाजारपेठ, शाळा, न्यायालय, आगार, सगळं तिथं आहे. शिरवळला कारखाने आहेत आणि उत्रौलीच्या औद्योगिक वसाहतीचं आश्वासन कित्येक निवडणुकांपासून ऐकू येतं. भोर, नसरापूर, कापूरहोळ अशा तीन-चार ठिकाणी चालत फिरता येईल अशी सलग वस्ती, तिला पाणी आणि दर वीस मिनिटांनी कात्रजला आणि शिरवळला गाडी, असं झालं तर मधली भातखाचरं वाचतील. दाटी हा शब्द फक्त वीस मजल्यांसाठी नाही. भोरच्या जुन्या पेठेतले दोन मजली वाडे चांगले दाट आहेत, आणि तिथून एसटी स्थानक चालत गाठता येतं.

दर वीस मिनिटांची गाडी ही भोरपर्यंतची गोष्ट झाली. आंबवड्याला एवढ्या गाड्या लागणार नाहीत, आणि तसं कुणी मागतही नाही. तिथे दिवसाला मोजक्याच फेऱ्या पुरतील. पण त्या लिहिल्या वेळेला आल्या पाहिजेत आणि भोरला पुढची गाडी त्यांच्यासाठी पाच मिनिटं थांबली पाहिजे. यासाठी भुयार खणावं लागत नाही.

पीएमआरडीएचा नवा आराखडा येईल तेव्हा नगररचना कायद्याप्रमाणे हरकती-सूचनांसाठी मुदत मिळेल. मागच्या वेळी बहुतेक हरकती 'माझ्या जमिनीवर आरक्षण का' अशा होत्या, आणि ते साहजिकच होतं. या वेळी ग्रामपंचायतींनी ठराव करून एक ओळ वाढवावी: जिथे रहिवासी क्षेत्र दाखवाल, तिथे बसथांबा कुठे आणि फेऱ्या किती, तेही दाखवा.

हा लेख लिहून झाल्यावर मामाला फोन केला. गाडी आली का विचारलं. "आली," म्हणाला, "चाळीस मिनिटं उशिरा. पण बसायला जागा मिळाली."